लाल अक्षरांना घाबरू नका, गुपचूप चुकणाऱ्या प्रोग्रामला घाबरा

थेरगावच्या डांगे चौकापासून हिंजवडीचं आयटी पार्क लांब नाही. पण आमच्या वस्तीतल्या बऱ्याच मुलांचे वडील रोज चाकण नाहीतर भोसरीच्या कंपन्यांत शिफ्टला जातात. हिंजवडी जवळ असूनही दूरच. आता मुलामुलींना प्रोग्रामिंग शिकायचंय. घरात लॅपटॉप नसला तरी अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड नावाच्या ॲपमध्ये पायथॉन चालतं, त्यामुळे सुरुवात करायला अडचण नाही. अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटतात आणि पोरं म्हणतात, "सर, हमसे नहीं होगा."

आम्ही त्यांना पहिली गोष्ट सांगतो: सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचा. पायथॉनचा एरर चार-पाच किंवा वीस ओळींचा असो, खरं कारण तळाशी असतं. नेमएरर म्हणजे तुम्ही वापरलेलं नाव त्याला माहीत नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं, नाहीतर एकीकडे मोठं अक्षर आणि दुसरीकडे लहान. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बिघडली. सिंटॅक्सएरर आला आणि ओळ तर बरोबर दिसतेय, तर तिच्या वरची ओळ बघा, कंस मिटायचा राहिला असेल. वर्डमधून कोड कॉपी केला असेल तर अवतरणचिन्हं तपासा. वर्ड सरळ चिन्हं वाकडी करतं आणि पायथॉनला ती चालत नाहीत. एवढ्यावर पहिल्या महिन्यातल्या निम्म्या तक्रारी मिटतात.

रमजानच्या आधी एका नववीतल्या मुलाने जकातचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. विषय छान होता. आजचा 'अल्गोरिदम' हा शब्दच मुळी नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आलाय, आणि त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटपाच्या हिशेबांवर आहे. म्हणजे दीनच्या कामासाठी गणित बसवणं ही जुनीच रीत. मुलाने निसाबसाठी ६१२.३६ ग्रॅम चांदी, म्हणजे साडेबावन्न तोळे, बरोबर धरली होती. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग, तेही बरोबर. रोख ५०,००० आणि चांदीची किंमत २०,००० अशा दोन रकमा त्याने प्रोग्रामला दिल्या. जकात यायला हवी होती १,७५० रुपये. आला टाइपएरर.

कारण साधं आहे. 'इनपुट'मधून जे येतं ते पायथॉनसाठी आकडा नसतं, मजकूर असतो. आणि दोन मजकुरांची बेरीज म्हणजे ते एकमेकांना चिकटवणं. ५०००० ला २०००० चिकटले की ५००००२०००० होतात. पुढे त्याला ४० ने भागायला गेला तेव्हा पायथॉन अडलं, कारण मजकुराला भागता येत नाही. उपाय म्हणजे प्रत्येक रक्कम घेतानाच 'इंट'मधून काढायची, किंवा पैसे असतील तर 'फ्लोट'मधून. आकडा देताना स्वल्पविराम मात्र टाकायचा नाही, नाहीतर व्हॅल्यूएरर ठरलेला. गंमत म्हणजे देवनागरी आकडे दिले तरी 'इंट' ते समजून घेतं.

या पठ्ठ्याने काय केलं? आधी चिकटवलेल्या बेरजेलाच शेवटी 'इंट' लावलं. एरर गायब. पोरगा खूश. जकात आली १२ कोटी ५० लाख ५०० रुपये! सगळे हसले, त्यालाही चूक कळली. पण विचार करा, उत्तर इतकं विचित्र नसतं तर कुणाच्या लक्षात आलं असतं का?

हे आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण असाच फटका आम्हाला बसलाय. शिष्यवृत्तीच्या फॉर्मचे दिवस होते. आमच्याकडे दोन याद्या होत्या, एक फॉर्म भरलेल्या मुलींची आणि एक उत्पन्नाचा दाखला जमा केलेल्यांची. दोन्ही ताडून कुणाचा दाखला बाकी आहे ते सांगणारा प्रोग्राम आम्हीच लिहिला. तो मुकाट चालला, लाल अक्षर एकही नाही. त्याने दोन मुलींची नावं 'दाखला बाकी' म्हणून काढली आणि आम्ही घरी निरोप पाठवला. एकीचे वडील चाकणहून अर्धा दिवस खाडा करून आले. दाखला आधीच दिलेला होता, आमच्याच फायलीत. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार आमच्यामुळे गेला.

एका नावापुढे कुणीतरी एक स्पेस जास्त दिली होती. डोळ्यांना दिसत नाही, पण पायथॉनसाठी ती दोन वेगळी नावं. त्याला 'स्ट्रिप' हा इलाज आहे, पुढची-मागची मोकळी जागा तो काढून टाकतो. दुसरं नाव नुक्त्याचं होतं, फ़रज़ाना. युनिकोडमध्ये नुक्तावाला ज़ दोन प्रकारे साठवता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा ज आणि नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. फ़ चंही तसंच. दिसायला हुबेहूब सारखे, तुलनेत वेगळे. पायथॉनसोबतच येणाऱ्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं 'नॉर्मलाइझ' दोन्ही नावं एका साच्यात आणतं. ज्यांनी यादीत नुक्ताच दिला नसेल, त्यांच्यासाठी तो वेगळा काढून मगच तुलना करावी लागते.

उर्दू याद्यांत आणखी एक खाचखळगा आहे. सय्यद हे नाव उर्दू कीबोर्डवरच्या 'ये'ने लिहा किंवा अरबी कीबोर्डवरच्या, शब्दाच्या मधोमध दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ती वेगळी अक्षरं, आणि 'नॉर्मलाइझ' इथे उपयोगी पडत नाही. 'रिप्लेस' लावून हातानेच एकसारखं करावं लागतं. 'काफ'चंही असंच. इंग्रजी पुस्तकांतून शिकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या नावांना ही भानगड नसते.

बँक खात्याचे नंबर तर फारच जपा. यादी एक्सेलमध्ये उघडली की सुरुवातीची शून्यं उडतात, आणि १५ पेक्षा जास्त अंक असतील तर पुढच्या अंकांच्या जागी शून्य बसतं. खाते क्रमांक दिसायला आकडा असला तरी त्याची बेरीज-वजाबाकी आपण करत नाही, म्हणून तो मजकूर म्हणूनच ठेवायचा. जकातच्या रकमेच्या अगदी उलट.

काही ठिकाणी मुलांना शिकवतात की एरर नको असेल तर 'ट्राय' लिहा, खाली 'एक्सेप्ट' आणि त्यात 'पास'. म्हणजे काहीही बिघडलं तरी गप्प राहा! नवशिक्यांनी ही सवय लावून घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. अशा प्रोग्राममध्ये एखादी ओळ वाचता आली नाही की ते नाव सरळ गळून जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आता आमच्याकडे कुठलीही यादी प्रोग्राममधून काढली की पोरं आत गेलेली नावं आणि बाहेर आलेली नावं मोजतात. आत ४३ गेली असतील तर 'दाखला आला' आणि 'दाखला बाकी' मिळून ४३ व्हायलाच हवीत. मग 'बाकी'मधलं प्रत्येक नाव एकजण कागदी फायलीत शोधतो. निरोप त्यानंतर जातो.