ब्लेकचा दान्ते : चित्रातून दिलेला नकार

महाकाव्यावरचे चित्र म्हणजे काव्याची सजावट, अशी एक रूढ समजूत आहे. कवीने सांगावे आणि चित्रकाराने त्यात रंग भरावा! विल्यम ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराने ही समजूत मोडीत काढली.

ब्लेक हा लंडनमधल्या मोजे विकणाऱ्या एका दुकानदाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो ताम्रपट कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला आणि त्याच हुन्नरावर जन्मभर पोट भरत राहिला. १८२४ साली जॉन लिनेल या चित्रकार मित्राने दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वर चित्रे काढण्याचे काम त्याला दिले. १८२७ साली मृत्यू येईपर्यंत तो ते करीत होता. एकूण १०२ चित्रे. पैकी बरीच अपुरी. ताम्रपटावर उतरली ती फक्त सात.

यांतले एक जलरंगचित्र आज बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. प्रसंग नरकाच्या दुसऱ्या वर्तुळाचा. फ्रान्चेस्काचे आपल्या दिरावर, पाओलोवर, प्रेम जडले. नवऱ्याने दोघांनाही ठार मारले. दान्तेच्या नरकात हे प्रेमिक अखंड वादळात भिरकावले जात आहेत. तिची कहाणी ऐकून दान्ते मूर्च्छित पडतो. त्याला दया येते, परंतु शिक्षा मात्र तो न्याय्यच मानतो.

ब्लेक इथेच थांबतो. त्याने वादळाचा एक प्रचंड वेटोळा काढला. त्यात माणसांची शरीरे वाहत चालली आहेत. खाली दान्ते निपचित, जवळ व्हर्जिल उभा. आणि वर, एका तेजस्वी बिंबात, तेच दोघे प्रेमिक एकमेकांच्या मिठीत! हे बिंब दान्तेच्या काव्यात नाही. ते ब्लेकचे आहे. कवीने ज्यांना दंड दिला त्यांना चित्रकाराने प्रकाश दिला.

ही केवळ कल्पनेची लहर नव्हे. याच मालिकेतल्या चित्रांवर ब्लेकने आपले आक्षेप लिहून ठेवले आहेत. पापाच्या सुडाची शिकवण देणारा ग्रंथ क्षमेच्या विरोधात जातो, असे त्याचे म्हणणे होते. सूड घेणारा ईश्वर त्याला ईश्वरच वाटत नव्हता.

तरीही ब्लेकने दान्तेला फेकून दिले नाही. उतारवयात तो त्याच्यासाठी इटालियन शिकला, आजारपणातही चित्रे काढत राहिला. ग्रंथाची थोरवी मान्य करणे आणि त्यातला निवाडा मान्य करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करताना दुसरी नाकारता येते. त्यासाठी ग्रंथ नीट वाचावा मात्र लागतो. न वाचता दिलेल्या नकाराला धार येत नाही.