अबोल जहाजाचा ठावठिकाणा

मोठी जहाजे आपले नाव व स्थान रेडिओवरून सतत कळवीत असतात. चोरटी मासेमारी करणारे किंवा निर्बंध चुकवून तेल नेणारे जहाज हा संच बंद करते. रडार मात्र सहसा चालूच ठेवते. टक्कर कोण ओढवून घेईल?

अमेरिकेतील ‘हॉकआय ३६०’ या खासगी कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये सोडलेले तीन छोटे उपग्रह अशाच लहरी टिपण्यासाठी होते. (गिऱ्हाइकांत अमेरिकी संरक्षण खातेही आहे.) रडारचा एकच स्पंद तिघांपर्यंत किंचित मागेपुढे पोचतो. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणून दोन उपग्रहांच्या वेळांतील फरकावरून अंतरांतील फरक मिळतो. जहाज मग एका वक्रावर कुठेतरी असते. फळ्यावर आपण काढतो त्या अपास्ताचाच हा भाऊबंद! तिसऱ्या उपग्रहामुळे दुसरा वक्र मिळतो. दोन्ही छेदतात तेथे जहाज. मात्र रडारच्या लहरीत जहाजाचे नाव नसते. ते पटवायला बहुधा छायाचित्राची जोड लागते.