वॉरंटीचा कस

सोन्याचा व्यवहार विश्वासावर चालतो असे म्हणतात. पण त्या विश्वासालाही कसोटीचा दगड लागतो. सांगली जिल्ह्याच्या खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजेच गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगली. चेन्नईच्या सौकारपेट भागातील अरुंद गल्ल्यांतही ही मराठी माणसे भट्टी पेटवून बसलेली दिसतात. दागिन्याचा कस दगडावर घासून पाहणाऱ्या या मंडळींना छापील वॉरंटी-पत्राचा कस मात्र वस्तू बिघडल्यावरच कळतो. तसा तो आपल्यापैकी प्रत्येकालाच त्याच वेळी कळतो.

असेच एक प्रातिनिधिक उदाहरण पाहू. सौकारपेटमधील एका गलाई व्यावसायिकाने ऑगस्ट महिन्यात बेचाळीस हजार रुपयांचा लॅपटॉप हप्त्यांवर खरेदी केला. दुकानाचा हिशोब आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे ही कामे वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलीने अंगावर घेतली होती. भट्टीच्या धगीपासून दूर, घरी, रात्रीच्या निवांत वेळी ती हे काम करीत असे. वॉरंटी एक वर्षाची होती. आठ महिने सुरळीत गेले. एप्रिलमध्ये, नवव्या महिन्यात, पडद्यावर आडव्या रेघा उमटू लागल्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने यंत्र आपोआप बंद पडू लागले.

पहिली फेरी

मदतक्रमांकावर भाषेची निवड झाली, मग आकड्यांची निवड झाली, मग बराच वेळ संगीत ऐकून झाले. अखेर पलीकडून सूचना आल्या : यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा, संगणक-प्रणाली नव्याने भरा. हे सर्व करूनही रेघा गेल्या नाहीत, तेव्हा लॅपटॉप सेवा केंद्रात आणण्यास सांगण्यात आले. केंद्र कंपनीचे नव्हते; कंपनीने नेमलेल्या एका कंत्राटदाराचे होते. तेथे पावतीवर सही घेतली गेली. पावतीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापले होते की, साठवलेल्या माहितीची जबाबदारी केंद्राची राहणार नाही.

सहा दिवसांनी लॅपटॉप परत आला. कागदावर शेरा होता : ‘दोष आढळला नाही.’ मात्र तपासणीच्या निमित्ताने हार्ड डिस्क कोरी करण्यात आली होती. मुलीने जानेवारीपर्यंतची नक्कल वेगळी ठेवली होती. त्यानंतरच्या नोंदी गेल्या. विवरणपत्राची वीस तारीख तोंडावर आली होती.

“आबा, फेब्रुवारीपासूनचं सगळं पुसलं गेलंय,” ती म्हणाली. आबांनी काही न बोलता फळीवरची लाल कापडी बांधणीची रोजकीर्द काढून तिच्यापुढे ठेवली. तीन रात्री जागून तिने सर्व नोंदी पुन्हा भरल्या. घरात वही लिहिण्याची जुनी सवय टिकली होती, म्हणून ते शक्य झाले. ज्यांच्याकडे अशी वही नसते, त्यांचे नुकसान कोणत्याही वॉरंटीतून भरून निघत नाही.

दोष का सापडत नाही?

‘दोष आढळला नाही’ हा शेरा वाचून ग्राहकाला वाटते की, आपल्याला खोटे ठरवले जात आहे. प्रत्येक वेळी तसे नसते. लॅपटॉपमधील काही बिघाड उष्णतेवर अवलंबून असतात. यंत्र तापले की मदरबोर्डवरील सूक्ष्म जोड प्रसरण पावतात, थंड झाले की आकुंचन पावतात. या सततच्या ताणाने एखादा जोड तडकतो आणि तापल्यावरच संपर्क तुटतो. बहुतेक लॅपटॉप साधारण पस्तीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या वातावरणात वापरण्यासाठी बनवलेले असतात. चेन्नईचा उन्हाळा चाळीस अंशांच्या घरात जातो आणि समुद्रामुळे हवा बाराही महिने दमट असते. वातानुकूलित सेवा केंद्रात दहा मिनिटे चालवून पाहिलेले यंत्र निर्दोष भासते. तेच घरी तासाभरात बंद पडते. म्हणून तक्रार लिहिताना ‘लॅपटॉप चालत नाही’ एवढेच न लिहिता, किती वेळाने, कोणते काम करताना आणि कोणत्या परिस्थितीत बिघाड दिसतो, हे नमूद करावे. त्या क्षणाचे मोबाईलवरील चित्रीकरण तर उत्तम पुरावा ठरते.

ग्राहकाची शंका खरी निघाल्याचीही उदाहरणे आहेत. २००६ साली सोनी कंपनीने बनवलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या पेट घेण्याच्या धोक्यामुळे जगभरातून परत मागवण्यात आल्या. एकट्या डेल कंपनीने त्या वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या वेष्टन-साहित्यात कमकुवतपणा असल्याचे मान्य केले आणि दुरुस्ती-बदलीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. अशा वेळी दोष ग्राहकाच्या हाताळणीत नसतो; तो कारखान्यातूनच आलेला असतो.

दुसरी आणि तिसरी फेरी

मे महिन्यात लॅपटॉप पुन्हा केंद्रात गेला. या वेळी चित्रीकरण दाखवल्यावर मदरबोर्ड बदलण्यात आला. नवा भाग मिळेपर्यंत अठरा दिवस गेले. दरम्यान हिशोबाचे काम दुसऱ्याच्या संगणकावर उसनवारीने चालले. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून वजा होतच राहिला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वस्तू विकणारा आणि कर्ज देणारा यांच्याशी झालेले करार सर्वसाधारणपणे स्वतंत्र असतात. वस्तू बिघडली म्हणून हप्ता थांबवल्यास थकबाकीची नोंद कर्जदाराच्याच नावावर होते. भांडण विक्रेत्याशी आणि दंड स्वतःला, अशी स्थिती ओढवून घेऊ नये.

जुलैच्या अखेरीस रेघा परतल्या. वॉरंटी संपण्यास जेमतेम तीन आठवडे उरले होते. या खेपेस केंद्राचे उत्तर निराळे होते : ‘आत द्रव गेल्याने गंज चढला आहे, त्यामुळे वॉरंटी लागू नाही.’ दुरुस्तीचा अंदाज एकोणीस हजार रुपयांचा देण्यात आला.

ओळखीच्यांनी सल्ला दिला की, अण्णा सलाईलगतच्या रिची स्ट्रीटवर जावे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ही बाजारपेठ देशातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक गणली जाते आणि तेथील कुशल कारागीर असे काम पुष्कळ कमी पैशांत करून देतात, हे खरे. परंतु वॉरंटीच्या मुदतीत यंत्र बाहेर उघडले की, तेच कारण पुढे करून कंपनी हात झटकू शकते. मुलीने तो मोह टाळला आणि घरी बसून तिन्ही वेळच्या पावत्या क्रमाने मांडल्या.

दुसऱ्या पावतीवर केंद्राच्याच अभियंत्याचा शेरा होता : ‘बाह्य नुकसान नाही, मदरबोर्ड बदलला.’ म्हणजे जो भाग केंद्राने दोन महिन्यांपूर्वी स्वतः बसवला, त्याच भागावर गंज असल्याचे केंद्र आता सांगत होते. यंत्रावर पाणी सांडल्याची कोणतीही खूण बाहेर नव्हती. तिने कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्यास स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. त्यात तारखा, पावत्यांचे क्रमांक, दोन परस्परविरोधी शेरे आणि गंजाची छायाचित्रे देण्याची मागणी, एवढेच होते. रागाचा एक शब्दही नव्हता. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांकावर तिने तक्रारही नोंदवली.

छायाचित्रे आली नाहीत. दोन आठवड्यांनी कंपनीच्या कार्यालयातून दूरध्वनी आला, नवा मदरबोर्ड विनामूल्य बसवण्यात आला आणि वॉरंटी सहा महिन्यांनी वाढवून मिळाली. तीन रात्रींच्या जागरणाची भरपाई मात्र कोणी दिली नाही.

कायद्याचे पाठबळ

हे प्रकरण पत्रावर मिटले. न मिटते तर काय झाले असते, हेही जाणून घ्यावे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने अस्तित्वात आला. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. या चळवळीची मुळे महाराष्ट्रातही आहेत : बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. चेन्नईतही १९८५ पासून सिटिझन कन्झ्युमर अँड सिव्हिक अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था ग्राहकांच्या प्रश्नांवर काम करीत आहे.

२०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही, तक्रार स्वतः मांडता येते आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. दोष तपासल्याशिवाय कळणार नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्याला हा अपवाद बाधत नाही. छोट्या व्यावसायिकांनी हा भेद लक्षात ठेवावा.

न्यायालयांनी दोन्ही बाजूंचे भान राखले आहे. सदोष मोटारीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये उत्पादक आणि विक्रेता अशा दोघांनाही जबाबदार धरले. मात्र २००६ मधील दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन असेल, तर संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. म्हणजेच वॉरंटी-पत्रात नेमके काय लिहिले आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. खरेदीच्या आनंदात ते पत्र न वाचता खोक्यात ठेवून देणे महागात पडू शकते.

ध्यानी ठेवावे असे काही

- खरेदीचे बिल, वॉरंटी-पत्र आणि यंत्राचा अनुक्रमांक यांची छायाप्रत वेगळी जपावी.
- दर भेटीची पावती घ्यावी. तीवर बिघाडाचे वर्णन आणि यंत्राची बाह्य स्थिती लिहून घ्यावी.
- यंत्र देण्यापूर्वी माहितीची नक्कल काढावी. साठवलेले पासवर्ड, विशेषतः नेट बँकिंगचे, पुसून टाकावेत व शक्यतो बदलावेत. दुरुस्तीसाठी बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही देण्याची गरज नसते.
- नकार मिळाल्यास तो कारणासह लेखी मागावा.
- वॉरंटीच्या मुदतीतच लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक १९१५ आहे.

काउंटरच्या दोन्ही बाजू

या कथेतून बँकेच्या कर्मचाऱ्यांनीही घेण्यासारखे पुष्कळ आहे. सेवा केंद्रातील कर्मचारी दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे रांग होती, भाग वेळेवर येत नव्हते आणि निर्णयाचा अधिकार दूरच्या कार्यालयाकडे होता. बँकेच्या शाखेतही असे प्रसंग येतात. समोर उभा असलेला ग्राहक प्रत्येक खेपेस आपली कहाणी पहिल्यापासून सांगतो. कारण मागच्या खेपेचे कोणी टिपून ठेवलेले नसते. बँकांसाठी १९९५ मध्ये लोकपाल योजना आली, २०२१ मध्ये निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र झाल्या आणि बँकेकडून तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास लोकपालाकडे जाण्याचा मार्ग ग्राहकाला खुला आहे. तरीही ती पायरी चढण्याची वेळ न येणे, यातच शाखेचा खरा लौकिक आहे. ‘तुमची मागची नोंद माझ्यासमोर आहे; अमुक तारखेपर्यंत काय होईल ते कळवतो,’ एवढे एक वाक्य आणि त्या वाक्याचे पालन, यांनी बहुतेक तक्रारी जागच्या जागी शमतात.

सौकारपेटच्या त्या घरात लॅपटॉप आता नीट चालतो. हिशोब त्यावरच होतो आणि दर शनिवारी त्याची नक्कल काढली जाते. फळीवरची लाल रोजकीर्द मात्र आबांनी बंद केलेली नाही. रोज रात्री दुकान मिटवून आले की, मुलगी पडद्यावरचे आकडे वाचते आणि ते वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहतात.