पाणी पिण्यासाठी नव्हे : महाडच्या भाषणाची रचना

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात घागरभर पाण्याचे मोल कुणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ डिसेंबर १९२७ चे महाडचे भाषण वाचताना मी एका विधानापाशी हमखास थांबतो. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही. तिथे जायचे ते आपणही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी, असा त्याचा आशय. ज्या वस्तूसाठी हजारो माणसे जमली, तिचेच मोल वक्ता उतरवतो!

व्याकरणाच्या पुस्तकांवर वाढलेला माझ्यासारखा वाचक याला झटकन 'अपन्हुती' म्हणेल. पण अपन्हुतीत खरी वस्तू नाकारून कल्पित वस्तू पुढे करतात. इथे दिसणारी बाजूला सारून खरी पुढे आणली आहे.

याची तयारी आधीच होते. स्पृश्य मंडळी किती दयाळू! परधर्मीयांना ती अडवत नाहीत, गुराढोरांनाही तळ्यावर पाणी पिऊ देतात. ही शुद्ध व्याजस्तुती. श्रोता हसतो, आणि हसता हसता पाण्याची सबब निकालात निघते. उरतो फक्त माणसाच्या दर्जाचा प्रश्न.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये न वटलेल्या धनादेशाचे रूपक वापरले. देशाच्या संस्थापकांनी दिलेले समतेचे वचन त्यांच्या हाताशी होते. बाबासाहेबांकडे सार्वजनिक पाणवठे खुले करणारा मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा ठराव होता, महाड नगरपालिकेचाही होता. पण गाव मानत होते ते धर्मग्रंथ, आणि त्यांत असे वचनच नव्हते. मग दाखला आणला १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा, तोही बहुसंख्य निरक्षर श्रोत्यांपुढे. मला हे या भाषणातले सर्वांत मोठे धाडस वाटते. महाडच्या मांडवाला त्यांनी व्हर्सायच्या रांगेत बसवले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली.

तळे खाजगी असल्याचा दावा करून विरोधकांनी न्यायालयाची तात्पुरती मनाई आधीच मिळवली होती. सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने तळ्याभोवती फिरले आणि पाण्याला हात न लावता परतले. लढा घोटभर पाण्याचा असता, तर ते हरून परतले असते. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी.