आजीची जागा कुठली?

सोलापूरकराला प्रवासाची भारी हौस. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर सगळेच जवळ. पिठलं-भाकरीची शिदोरी, पाण्याचे कॅन, स्टोव्ह आणि हो, आपल्या सोलापुरी चादरी! एवढे सामान गाडीत ठेवायचे कुठे?

त्यावर तोड म्हणजे घरगुती ओटा. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोसारख्या गाडीची मागची बाकडी काढायची, पाऊण इंची प्लायवूडचा ओटा करायचा. खाली कप्पे, वर मुक्कामापुरती गादी. कल्पना नामी आहे; पण ओटा म्हणजे देवघरातला चौरंग नव्हे.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. गाडी धडकून थांबली, तरी मोकळा स्टोव्ह त्याच वेगाने पुढे झेपावतो. म्हणून ओटा बाकड्यांच्या मूळ बोल्टांच्या जागी आवळावा, जड वस्तू खाली ठेवाव्यात, सामान पट्ट्यांनी बांधावे. चालत्या गाडीत ओट्यावर कोणीही बसू वा झोपू नये.

शिवाय आसनांची संख्या नोंदणी पुस्तकात लिहिलेली असते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांवर बंधने घालते. तेव्हा करवत हाती घेण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी.

आणखी एक प्रश्न घरातच विचारावा. बाकडी गेली, तर पंढरपूरला निघताना आजी बसणार कुठे? ओटा असा करावा, की तो निघेल आणि बाकडी पुन्हा बसतील. सामानासाठी माणूस मागे राहिला, तर यात्रा कसली?