वास्कोतील नोंदी आणि वडिलांची वही

गेल्या दिवाळीच्या सुटीत गोमंतकात जाण्याचा योग आला. गोव्यास जाणारी मंडळी देवदर्शन करतात, नाही तर समुद्र पाहतात. माझा मुक्काम मात्र वास्कोत एका जुन्या विद्यार्थ्याच्या बिऱ्हाडी होता. हा मूळचा डिचोलीकडचा. आपल्या कलाभवनात तंत्रज्ञान शिकत असता तो चार वर्षे संध्याकाळी माझ्याकडे गाण्यास येत असे. आता शास्त्रीय नोंदी संगणकात लावून ठेवणे हा त्याचा व्यवसाय आहे आणि ख्याल हा छंद. वडिलांच्या चिजांची वही संगणकात उतरवून देतो असे त्याने कळविले, म्हणून ती पिशवीत घालून मी निघालो.

वास्को म्हणजे बंदर, एवढीच माझी कल्पना. परंतु अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम १९८१ साली डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघाली ती गोव्याहूनच. आणि १९९८ मध्ये स्थापन झालेले ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र येथल्याच हेडलँड सड्यावर आहे. बाहेर घामाच्या धारा आणि आत अंटार्क्टिकाचा बर्फ जपून ठेवलेला! तेथील हवामानाच्या, समुद्राच्या नोंदीही याच ठिकाणी सांभाळल्या जातात.

"गुरुजी, आकडा कधी एकटा ठेवू नये," शिष्य म्हणाला. "उणे अठरा असे नुसते लिहिले तर त्याला अर्थ नाही. कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या यंत्राने, जमिनीपासून किती उंचीवर, हे सारे त्याच्यासोबत हवे." थोडक्यात, आकड्याची जातकुळी हवी. ती नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण त्याने दिले. १९९९ साली अमेरिकेचे एक यान मंगळापाशी पोचून नष्ट झाले. एका आज्ञावलीने, म्हणजे ही मंडळी ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात तिने, आकडे दिले ते पौंडांच्या हिशेबात. दुसरीने ते न्यूटनच्या मापाचे समजून घेतले. मला हसू आले. गवयाने काळी एक धरावी आणि पेटीवाल्याने पांढरी चार, तसाच हा प्रकार!

मग वही उघडली. माझे वडील बडोद्याच्या दरबारात कोवळ्या वयात तंबोऱ्याच्या साथीस लागले ते संस्थान विलीन होईपर्यंत. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. चिजा लिहून ठेवण्याचे आपल्या शहरास नवल नाही. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये येथे गायनशाळा काढली तेव्हा त्यांची स्वतःची स्वरलिपी होती, आणि भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली ती १९१६ साली बडोद्यासच. वडिलांनी मौलाबक्षांची धाटणी घेऊन वर आपल्या खुणा जोडल्या. काही स्वरांच्या डोक्यावर लाल शाईचा ठिपका आहे.

"हा ठिपका कसला?" शिष्याने विचारले.

"ठहराव," मी म्हणालो.

"अण्णांनी सांगितले होते?"

मी गप्प बसलो. त्यांनी सांगितले नव्हते, मी विचारले नव्हते. वीस वर्षे त्या स्वरांवर मी मुलांना थांबायला शिकवीत आहे, तेवढेच.

त्याने विषय बदलला. पोर शहाणे आहे. केरीच्या केसरबाई लहान वयात त्याच्याच महालातल्या लामगावास वझेबुवांकडे शिकत, याचा त्याला भारी अभिमान. त्याच केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अंतराळात गेली; यान सुटले त्याच सप्टेंबरात बाई निवर्तल्या. तबकडीच्या आवरणावर ती किती वेगाने फिरवावी आणि सुई कशी ठेवावी हे आकृत्यांनी कोरले आहे. ऐकणारा कोण, हे ठाऊक नसतानाही!

२०२३ च्या नोव्हेंबरात पहिले व्हॉयेजर अर्थहीन बरळू लागले. स्मृतीची एक चिप गेली होती. निरोप जाण्यासच तेव्हा साडेबावीस तास लागत, मग उत्तर. अभियंत्यांनी कित्येक दशकांपूर्वीचे कागद काढून वाचले, त्या चिपवरची आज्ञावली तुकडे करून इतरत्र हलविली, आणि २०२४ च्या एप्रिलात यान पुन्हा नीट बोलू लागले. मूळ माणसांनी कागद नीट लिहून ठेवले नसते तर हे कसे साधते, असे मी मनाशी म्हणत होतो, आणि डोळ्यांपुढे लाल ठिपके.

रात्री त्याने वहीचे पान अन् पान टिपून घेतले. राग, ताल, मात्रा, सारे रकाने भरले. "ठिपक्यापुढे ठहराव लिही," मी पुन्हा म्हटले. प्रथमच त्याने माझा शब्द मोडला. "खात्री नसेल तो रकाना रिकामा ठेवायचा असतो, गुरुजी." मला राग आला, हे कबूल करतो. सकाळी चहाच्या वेळी तो गेला होता.

वडिलांना तबल्याची साथ करणारे एक गृहस्थ दांडिया बाजारात आहेत, नव्वदीच्या घरात. ठिपका कणाचा असावा असे काहीसे ते मागे एकदा म्हणाले होते, तेव्हा मी कानाआड केले. येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून मोठा तंबोराच नेतो.