वीज परत येते, सर्व्हर मात्र झोपलेलाच

यूपीएस घेताना आपण व्हीए विचारतो, बॅकअप किती मिनिटांचा ते विचारतो. मागच्या बाजूला डेटा केबलचं भोक आहे का, हे फारसं कुणी पाहत नाही. सर्व्हरला मात्र त्याच केबलमधून कळतं की वीज गेली आहे आणि बॅटरी संपत आली आहे. ही खबर ऐकून डेटाबेस नीट मिटवायचा आणि यंत्र वेळेत बंद करायचं, या कामासाठी लिनक्सवर मुख्यतः दोन मोफत सॉफ्टवेअर वापरली जातात: एपीसीयूपीएसडी आणि नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजेच ‘नट’.

पहिलं प्रामुख्याने एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी. सेटिंगची फाईल एकच. चार्ज ५ टक्क्यांवर किंवा उरलेला वेळ ३ मिनिटांवर आला की ते सर्व्हर बंद करायला घेतं. २०१६ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, तरी एक सर्व्हर आणि एक एपीसी एवढाच संसार असेल तर मी तेच बसवेन.

कंपन्या वेगवेगळ्या असतील किंवा एका यूपीएसवर चार सर्व्हर असतील, तर नट. त्यात केबल जोडलेलं यंत्र मुख्य. बाकीचे सर्व्हर नेटवर्कवरून, ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर, त्याचं ऐकतात. आधी ते बंद होतात, शेवटी मुख्य. फक्त मधला नेटवर्क स्विचही यूपीएसवर हवा. तो भिंतीच्या सॉकेटवर असेल तर निरोप पोहोचणार कसा?

पडद्यावरच्या टक्क्यांवर फार विसंबू नये. बरेच स्वस्त यूपीएस बॅटरीचा फक्त व्होल्टेज कळवतात, टक्केवारी नटचा ड्रायव्हर अंदाजाने काढतो. लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज भार पडताच खाली बसतो, जुन्या बॅटरीचा तर जास्तच. त्यामुळे ‘६० टक्के’ दिसत असतानाच सगळं बंद पडू शकतं. अशा ठिकाणी नटमधलं यूपीएसस्केड वापरून, वीज जाऊन ठरावीक मिनिटं झाली की सर्व्हर बंद, असा सरळ नियम लावलेला बरा.

खरी मेख पुढे आहे. बॅटरी उतरली, सर्व्हर व्यवस्थित बंद झाला आणि त्याच क्षणी वीज आली. यूपीएसचा पुरवठा तुटलेलाच नाही, म्हणून सर्व्हरच्या लेखी वीज गेली आणि आली असं काही घडलंच नाही. तो आपणहून उठत नाही. शनिवारी रात्री हे झालं, तर सोमवारी कुणीतरी बटण दाबेपर्यंत सगळं ठप्प. म्हणून बंद होता होता सर्व्हरने यूपीएसलाच हुकूम द्यायचा असतो: थोड्या वेळाने तुझा पुरवठा तोड आणि वीज असेल तेव्हा पुन्हा सुरू कर. नटच्या नेहमीच्या यूएसबी ड्रायव्हरमध्ये तोडण्याआधीची उसंत मुळात २० सेकंदांची, पुन्हा सुरू करण्याची ३०. डेटाबेस मोठा असेल किंवा डिस्क संथ असतील, तर दोन्ही आकडे वाढवावे लागतात आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठाच ठेवावा लागतो. शिवाय सर्व्हरच्या बायोसमध्ये ‘वीज आली की सुरू हो’ हा पर्याय चालू हवा.

काही यूपीएस हा हुकूम पाळतच नाहीत, आणि ते माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. म्हणून खरेदीची परतीची मुदत संपण्याआधी, सर्व्हरऐवजी एखादा जुना संगणक जोडून, प्लग खरोखर काढून पाहावा.